उणे अठराचा आकडा

खोलीचं दार उघडलं आणि सडक्या मासळीचा भपकारा अंगावर आला. उत्तनजवळच्या चौक गावातली ती घरगुती फ्रीझर-खोली. आतली पापलेटं, सुरमई, सगळं सडून पाणी सुटलं होतं. आणि बाहेर भिंतीवर आमच्या कंपनीचा कंट्रोलर निर्लज्जपणे तापमानाचा आकडा दाखवत होता, उणे अठरा.

तो कंट्रोलर काशीमीऱ्याच्या एका गाळ्यात बनतो. त्याच्या कर्नलचं, म्हणजे हार्डवेअरशी थेट बोलणाऱ्या कोडचं काम मी करते. तापमानाचा सेन्सर वाचणारा कोड, म्हणजे ड्रायव्हर, मात्र आमच्या सीनियरने लिहिलेला. तोही आला होता, नाकाला रुमाल लावून अंगणातच उभा.

खोली त्या घरची सून सांभाळायची. घरात लग्न होतं, त्या गडबडीत खोली काही दिवस बंदच राहिली. येता-जाता ती आकडा बघायची आणि निश्चिंत व्हायची. मासळी सडल्याची तक्रार आली तेव्हा सीनियरने फोनवरच निकाल देऊन टाकला होता, "दार उघडं राहिलं असेल." तेव्हापासून सासू तिला फाडून खात होती. "हिला दार लावाया न्हाय येत," म्हातारी खाटेवरून आमच्यासमोरही म्हणाली.

"दार मी लावलेलं हाय," सून म्हणाली. "पन ऐकतंय कोन?"

मी ओट्यावर बसून लॅपटॉप जोडला. सेन्सरच्या चिपमध्ये एक स्टेटस रजिस्टर असतं, बिट ठेवायचा छोटासा कप्पा. सेन्सरची तार तुटली की त्यातला एक बिट सेट होतो, म्हणजे शून्याचा एक होतो. तो सेट झालेलाच होता. खाऱ्या हवेने तार कुजली होती आणि चिप बिचारी तसं सांगत होती. मग अलार्म का नाही वाजला? मी ड्रायव्हरचा कोड उघडला.

कर्नलची रीत साधी आहे. काम झालं तर शून्य परत द्यायचं, बिघडलं तर एररचा कोड. अलार्म वाजवायचा का, ते पुढचा प्रोग्रॅम बघतो. या गृहस्थाने तो बिट वाचून, एरर असली तर शेवटचं चांगलं तापमान पुढे ढकललं होतं आणि वर शून्य परत दिलं होतं. सगळं आलबेल! उणे अठरा दिसल्यावर कॉम्प्रेसर कशाला सुरू होईल? शेजारी शेरा होता, 'फक्त डेमोपुरतं'. आमच्याकडे डेमोआधी बोर्डाला कुंकू लावतात, नारळ फोडतात आणि अलार्म गप्प करतात. डेमो होतो, खोबरं खाऊन संपतं, आणि गप्प केलेला अलार्म तसाच गिऱ्हाइकाच्या घरी जातो.

मी अंगणात जाऊन त्याला स्क्रीन दाखवली.

"अगं, बीप वाजला की गिऱ्हाईक डोकं खातं," तो रुमालातूनच म्हणाला. "आता इथे काही बोलू नकोस. दाराचंच राहू दे. ऑफिसात बघू."

त्याला मासळीची किळस येत होती, मला त्याची. कोड घाईत वाईट लिहिला जातो, ते मी समजू शकते. पण स्क्रीनवर सगळं दिसत असताना दुसऱ्याच्या सुनेच्या माथी खापर तसंच राहू द्यायचं? थू!

मी आत गेले आणि सुनेला म्हणाले, "दार बंदच होतं. आमचं मशीन खोटं बोललं."

तिने पदराला हात पुसले, माझा दंड धरला आणि मला सासूच्या खाटेपाशी नेलं.

"हिला कमी ऐकू येतं," ती म्हणाली. "मोठ्यानं बोला."

बाहेरून सीनियर हाका मारत होता, "चल गं, उशीर होतोय." मी म्हातारीच्या कानाशी वाकले आणि अंगणापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने परत सांगितलं.