चौथा पाय

हे मी अविनाशला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही त्याला ओळखत नाही — एवढंच.

अविनाश माझा नवरा. उधन्यात एका लूमच्या खात्याच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्याच्या, वरच्या मजल्यावर आमचा छोटा स्टुडिओ होता. स्टूल, दिव्याचे स्टँड, भिंतीवरच्या फळ्या — मोजक्याच वस्तू, पण पुन्हा पुन्हा अगदी तशाच घडवायच्या. डिझाइन त्याचं आणि हातही त्याचेच. मी वर्तमानपत्रातली उपसंपादकाची नोकरी सोडून आले होते. वेबसाइटचा मजकूर आणि फोटो माझ्याकडे. सगळ्यात जास्त खपायचं ते चार तिरक्या पायांचं स्टूल. त्यासाठी अविनाशनं शिसवी लाकडाचा फर्मा केला होता. तो बैठकीवर ठेवून त्याच्या चार भोकांतून ड्रिल घातलं की प्रत्येक पाय ठरल्या कोनातच बसायचा.

तो लाकूड आणायला गेला असताना मी फोटोसाठी फर्मा काढला. उजेड चांगला म्हणून खिडकीत ठेवला. खाली लूम चालू असले की आमची फरशी, खिडकी, सगळंच थरथरायचं — मला माहीत नव्हतं का? होतं. फर्मा सरकत सरकत पडला आणि त्याचा एक कोपरा, त्यातल्या भोकासकट, निघाला. मी तो सरस लावून चिकटवला, फटीत भुसा घासला, जागेवर ठेवून दिला. दिसत काहीच नव्हतं. संध्याकाळी सांगू, असं ठरवलं. संध्याकाळी तो खुशीत होता.

मग स्टुलं डुगडुगायला लागली. चौथा पाय टेकेना. सुरुवातीला आम्ही हसलो, खालच्या लूमचा दोष म्हणालो. तिथला एक कामगार म्हणाला, "भाभी, स्टुलाला गरबा शिकवला की काय?" नंतर गिऱ्हाइकांचे फोन आले, स्टूल हलतंय म्हणून. "बेन, आ तो हले छे." त्यांच्या घरात तर लूम नव्हते.

अविनाशनं पाय पुन्हा मोजले. ड्रिल बदललं. एकदा विचारलं, "रेखा, फर्मा पडला-बिडला नव्हता ना?"

"नाही."

त्यानं स्वतः का तपासला नाही? मी नाही म्हटलं होतं म्हणून. फर्म्यावरचा संशय गेला, तेव्हा उरलं काय? त्याचा हात.

तो हात समोर धरून बोटं थरथरतात का ते बघत बसायचा. चहाचा कप दोन्ही हातांनी उचलायला लागला. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही नाही म्हणाले. मला वाटलं, सुटलो. रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, "आजार असता तर औषध तरी असतं."

तेव्हा सांगता आलं असतं. मग का नाही सांगितलं? भीती — पण कशाची? तो ओरडणारा माणूस नाही. वर्तमानपत्रात चूक गेली की दुसऱ्या दिवशी खुलासा लिहायचं काम माझ्याकडे असायचं. दुसऱ्यांच्या चुका मी दोन ओळींत निस्तरल्या आहेत. इथे मात्र तुटलेल्या कोपऱ्याबरोबर ते ‘नाही’ही सांगावं लागलं असतं. ते जमलं नाही. स्टुडिओ बंद केला तेव्हा चहावाला शेगडीसाठी लाकडाचे तुकडे न्यायला आला, त्यात मी फर्माही टाकला. आता दाखवायलाही काही उरलेलं नाही.

अविनाश पडद्यांच्या दुकानात काम करतो. घरात खिळा ठोकायचा झाला तर शेजारच्यांना बोलावतो. मी ते बघते. रोज बघते आणि स्वयंपाकाला लागते. असं किती वर्षं जगतात माणसं?

मागच्या आठवड्यात त्यानं हत्यारांची पेटी डिंडोलीच्या मोतीराम सुताराला देऊन टाकली. मी बरोबर होते. मोतीरामनं पटाश्यांची धार अंगठ्यावर पाहिली.

"इतल्या चांगल्या पटाश्या का बरं देई ऱ्हायना, दादा?"

"हात गेला माझा," अविनाश म्हणाला. पत्ता सांगावा तसं.

मोतीरामला ते पटलं नसावं. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली.