देवीचा गूळ आणि विहिणीची पुरणपोळी

पिंपळगाव रेणुकाईत कोंबड्याला उठवायचं काम द्वारकाबाईचं, असं तिचे यजमान काकासाहेब चारचौघांत सांगत. बाईला धीर म्हणून नव्हता. दूध तापायच्या आत ती ते उतरवणार, पाहुणा बसायच्या आत त्याला जेवायला वाढणार, आणि लग्नाला निघायचं असलं की वऱ्हाडाच्या आधी हिची बैलगाडी शिवेवर. कापूस विकायचा झाला की मात्र ती नवऱ्याला पुढे होऊ देत नसे. पहाटेच्या दवात ठेवलेला कापूस तराजूत कसा जड भरतो आणि दुपारच्या उन्हात कसा हलका होतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि व्यापाऱ्यांना ते तिला ठाऊक असल्याचं ठाऊक होतं.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या चैत्रातली ही गोष्ट. राज्य बदललं तरी गावात अजून शेर, पासरी आणि मणच चालत होते. द्वारकाबाईला राज्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्या डोक्यात फक्त चैत्री पुनव होती, कारण त्या दिवशी तिच्या सोनीची गूळतुला व्हायची होती.

सोनी म्हणजे तिची एकुलती एक लेक सोनूबाई. आदल्या श्रावणात पंचमीला म्हणून माहेरी आली आणि मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळली. ताप उतरला तेव्हा पोरीच्या हाडावर कातडं तेवढं राहिलं होतं. भोकरदनहून सासू दुर्गाबाई बघायला आली, तर म्हणाली, "वाकळ दिसून राह्यली, सून कुठंय?" त्याच दिवशी द्वारकाबाई तडक रेणुकाईच्या देवळात गेली आणि देवीपुढं पदर पसरून बोलली, "पोर उभी कर, चैती पुनवेला तिच्या भारंभार घरचा गूळ वाहीन."

पोर उभी राहिली. दिवाळीला चालायला लागली, संक्रांतीला विहिरीवर जाऊ लागली. पण दुर्गाबाई नियमाची पक्की बाई. तिनं निरोप धाडला की नवस फिटल्याशिवाय सून नेणार नाही. देवीचं देणं डोक्यावर घेऊन सासरी गेलेली पोर परत आजारी पडते, असं त्या घरात मानत. तुला चुकली तर पुढच्या चैत्री पुनवेपर्यंत थांबायचं. भोकरदनची मोटार रस्त्यावरून गेली की सोनीच्या हातातलं भाकरीचं पीठ थबकायचं. आईला ते दिसायचं.

मग द्वारकाबाईनं घाई केली नसती तरच नवल. पुनवेच्या आधी आठ दिवस, अजून उजाडलंही नव्हतं, तेव्हाच तिनं सोनीला उठवलं. चूळ नाही, पाणी नाही, जुनेरं नेसलेली पोर डोळे चोळत कचरूच्या अंगणात नेली. कचरू गावाचा कापूस, मिरची सगळं जोखून देणारा. त्याच्या आंब्याला मोठा तराजू कायम टांगलेला असे. सोनी एका पारड्यात बसली, दुसऱ्यात द्वारकाबाईनं विहिरीवरच्या उसाचा, आपल्या घरी केलेला गूळ रचला. ढेपी झाल्या, मग भेल्या झाल्या, शेवटी एक छोटा खडा ठेवला आणि काटा मधोमध उभा राहिला.

"बराबर झालं, काकू," कचरू जांभई देत म्हणाला.

गूळ घरी आला. त्याला हळदकुंकू लागलं आणि तो देवघरात गेला. त्या गावची रीतच अशी, की नवसाच्या गुळाला एकदा कुंकू लागलं की त्यात भर घालायची नाही. कमी पडला तर देवीनं तो नाकारला असं समजायचं. द्वारकाबाईला त्याची फिकीर नव्हती. पोर तीच, गूळ तोच, तराजू तोच.

पुनवेला देवळापुढं माणसांची ही गर्दी. रेवड्यांची दुकानं, बांगड्यावाल्या, हलगी, आणि त्या सगळ्यांच्या वर लिंबाच्या फांदीला कचरूनं आणून टांगलेला तराजू. भोकरदनहून दुर्गाबाई आणि जावई रामराव दुपारीच आले होते. दुर्गाबाईनं सुनेला दारात उभी करून न्याहाळलं, गालावरून हात फिरवला आणि पेटीतून चांदीचे जाडजूड तोडे काढून तिच्या पायांत स्वतःच्या हातानं घातले. मग पंगत बसली. दुर्गाबाई सुनेच्या शेजारी बसली आणि आग्रहाला लागली. एक पुरणपोळी झाली, दुसरी झाली, तुपाची धार झाली, वर कटाची वाटी. सोनी नको नको म्हणत होती, पण सासूच्या हातचा घास नाकारणार कशी? चैत्रातली दुपार, त्यात तिखट कट, म्हणून ती तांब्याभर पाणीही प्यायली. द्वारकाबाईला ते बघून गहिवरून आलं. विहिणीनं पोरीला पदरात घेतलं, आता काळजी नाही, असं तिला वाटलं.

ऊन कलल्यावर सोनी नवं लुगडं नेसून पारड्यात मांडी घालून बसली. हलगी कडाडली. काकासाहेबांनी देवीचं नाव घेऊन ढेपी ठेवल्या, मग भेल्या, आणि शेवटी तो छोटा खडा. कचरूनं हात सोडला. सोनीचं पारडं खाली बसलं ते बसलंच, आणि गुळाचं वरती लटकून राहिलं.

हलगी थांबली. कचरूनं दांडी चाचपली, दोऱ्या सोडवल्या, पारडी अदलाबदल केली. तरी तेच. दीड-दोन शेराचा फरक होता.

"देवीनं घेतला न्हाई," गर्दीत कोणीतरी पुटपुटलं. पुटपुट बांगड्यावाल्यांपर्यंत पोचली. सोनीनं मान खाली घातली, आणि रामराव तिच्याकडं बघेना. दुर्गाबाईनं पदर सारखा केला. "चला रामराव," ती म्हणाली. "पुढच्या पुनवेला येऊ."

द्वारकाबाई पारड्यापुढं आली. वर्षभर? पोर वर्षभर मोटारीचा आवाज ऐकत भाकऱ्या थापणार? गूळ घरातून कोणी काढला नव्हता, देवघराची किल्ली तिच्या कमरेला होती. तराजू तर तिच्या डोळ्यांदेखत तपासला. मग वाढलं काय? तिनं सोनीकडं पाहिलं. पोरीच्या ओठाला अजून तुपाचा ओशटपणा होता. आणि एकदम तिच्या डोक्यात उजेड पडला. सकाळचा कापूस आणि दुपारचा कापूस!

"थांबा इहीणबाई," ती इतक्या मोठ्यानं बोलली की देवळातली घंटा वाजवणाराही थांबला. "देवीनं माझी पोरगी तोलायची, का तुमची पुरणपोळी?"

"म्हंजे?"

"त्या दिशी पोर उपाशीपोटी बसली व्हती, उजाडायच्या आत. आज पोटात पोळ्या हायेत, कट हाय, तांब्याभर पाणी हाय. त्याला वजन न्हाई का? अन् त्यातल्या दोन पोळ्या तुमच्याच हातानं वाढलेल्या."

गर्दीत हशा पिकला. दुर्गाबाईला तो झोंबला. "दोन पोळ्यांनी माणूस जड व्हतं व्हय? माणसाचं वजन ते माणसाचं वजन. सकाळी एक अन् सांजेला एक, असं व्हायला माणूस काय कापूस हाय, दव प्यायला?"

"कापूस दव पितो, माणूस ताक पितं," द्वारकाबाई म्हणाली. "बिलकुल एकच गोष्ट हाय."

पुजाऱ्याला विचारलं. पुनव उद्या उन्हं वर येईस्तोवर आहे, तोवर परत तोलायला हरकत नाही, असा त्यानं कौल दिला. पण दुर्गाबाई ऐकेना. पोरीला रात्रभर उपाशी ठेवून काटा जुळवायचा, ही देवीची फसवणूक झाली, असं तिचं म्हणणं. तेव्हा द्वारकाबाईनं पदर खोचला.

"पोरीचं सोडा. मला तोल, कचरू. आमच्या ह्यांना तोल, जावयाला तोल. आत्ता तोल अन् पहाटं तोल. कोणी उपाशी झोपायचं न्हाई, समद्यांनी रोजच्यासारखं जेवायचं. सकाळी समद्यांचं वजन उतरलं, तर पोरीला परत तोलायची. कोणाचंच उतरलं न्हाई, तर मी खोटी. मंग पोर वर्षभर राहील माझ्यापाशी."

पैज अशी लागली आणि जत्रेचा रंगच पालटला. रेवड्या सोडून लोक तराजूकडं धावले. आधी द्वारकाबाई बसली, आणि कचरूनं दुसरीकडं वजनं चढवता चढवता हळूच आणखी एक पाच शेरांची पासरी मागवली, त्यावर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग काकासाहेब बसले, आणि पारड्यात बसल्या बसल्या त्यांनी सुपारी तोंडात टाकली, तर लोकांनी ती थुंकायला लावली. रामराव लाजत लाजत बसला. ज्याची त्याची वजनं वेगळ्या पाटीत घालून पाट्या देवळाच्या ओवरीत ठेवल्या. "तुम्हीबी बसा की," असं कोणी दुर्गाबाईला म्हणालं, पण तिनं नजरेनंच त्याला गप्प केलं.

पहाटे अख्खं गाव लिंबाखाली. गार वारा सुटला होता आणि पूर्व नुकती उजळत होती. द्वारकाबाईचा पाय ठरत नव्हता. आपण जीभ सैल सोडून पोरीचं वर्ष पणाला लावलं, हे तिला आता कुठं उमगत होतं.

काकासाहेब आधी बसले. पाटीतली वजनं समोर चढली, आणि काकासाहेब अलगद वर गेले. गर्दीतून हाळी उठली. कचरूनं वजनं कमी करत करत काटा जुळवला. सव्वा शेर कमी.

"कुठं गेलं हो सव्वा शेर?" एकानं ओरडून विचारलं.

"वढ्याकडं जाऊन आलो," काकासाहेब शांतपणे म्हणाले, "अन् बाकीचं वाकळंत. रातभर घामानं भिजून राह्यलो." बायका लाजल्या, पुरुष मांड्या थोपटून हसले. रामराव बसला, तोही वर गेला. द्वारकाबाई बसली, तीसुद्धा वर गेली, आणि जन्मात पहिल्यांदा आपण हलके झाल्याचा तिला भारी आनंद झाला. तीन माणसं, आणि तिघांचंही रात्रीत उतरलेलं. लोक आता आपापसात बोलू लागले, की रोज संध्याकाळी जड होऊन झोपतो आणि सकाळी हलके होऊन उठतो, तरी आजवर हे कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही.

"आता सोनी," द्वारकाबाई म्हणाली. "जल्दी बस, बाई."

सोनी आज त्या दिवशीचंच जुनेरं नेसून बसली. ढेपी, भेल्या, छोटा खडा. कचरूनं हात सोडला. गुळाचं पारडं खाली आलं, अजून खाली आलं, आणि जुळता जुळता थांबलं. सोनीची बाजू अजूनही खालीच होती. थोडीशी, अर्धा शेर असेल, पण खाली.

द्वारकाबाई पारड्याजवळ वाकली. काल जेवणाचा फरक तिनं धरला, घामाचा धरला, मग हे उरलं कुठून? तेवढ्यात सोनीनं मांडी सावरली, लुगड्याच्या निऱ्या सरकल्या आणि कोवळ्या उन्हात तिच्या पायांतले चांदीचे तोडे चमकले. द्वारकाबाईला लख्ख दिसलं. जुनेरं नेसून तोलली त्या दिवशी हे तोडे नव्हते.

तिचे ओठ उघडले आणि मिटले. आयुष्यात जिनं एक शब्द तोंडात थांबू दिला नाही ती बाई गप्प राहिली, कारण हे बोलता येण्यासारखं नव्हतं. सासूनं घातलेलं लेणं देवीपुढं सुनेनं आपल्या हातानं उतरवलं, तर सासर सोडलं असा अर्थ होई. आणि माहेरच्यांनी उतरवा म्हणणं म्हणजे विहिणीच्या तोंडावर तिची भेट परत फेकणं. ज्या हातांनी घातलं तेच हात ते काढू शकत होते. ते हात दुर्गाबाईचे, आणि सबंध गावासमोर काल तिचं हसं झालं होतं.

द्वारकाबाईनं फक्त तिच्याकडं पाहिलं. दुर्गाबाईही तोड्यांकडंच बघत होती.

मग ती पुढं झाली. भोकरदनच्या त्या नियमाच्या पक्क्या सासूनं लुगडं आवरलं, ती खाली मातीत गुडघ्यांवर बसली आणि सुनेचं पाऊल तिनं आपल्या हातात घेतलं. "सासूबाई, नका," सोनी कळवळून म्हणाली आणि पाय आखडू लागली. "गप बस," दुर्गाबाई म्हणाली. "हालू नको, काटा हालतो." तोड्याची कळ घट्ट होती, तिनं ती हळूहळू फिरवली. एक तोडा निघाला. तिनं दुसरं पाऊल हातात घेतलं. दुसराही निघाला, आणि सोनीचं पारडं उचललं गेलं, अगदी हळू, आणि काटा मधोमध येऊन उभा राहिला.

हलगी अशी कडाडली की लिंबावरचे पोपट उडाले. लोकांनी देवीचा गजर केला. रामराव हसत होता की रडत होता, कुणाला कळलं नाही. दुर्गाबाई तोडे पदराला बांधत उठली, आणि द्वारकाबाईला म्हणाली, "पाप्याचं पितर झाल्ती पोर. भरली हो चांगली. आता आमची आम्हाला द्या. मोटार आठ वाजताच निघती."

"तुमचीच हाय, इहीणबाई," द्वारकाबाई म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती हसतही होती.

कचरू दोऱ्या धरून सोनीला उतरवायला पुढं झाला. द्वारकाबाईनं त्याचा हात धरला.

"काय झालं काकू? बराबर हाय की."

"बराबर हाय," ती म्हणाली. "पर बसू दे तिला थोडा येळ. मला कुठं घाई हाय."