जर्मन सरांचा पहिला शब्द

जर्मन सर वर्गात आले की आधी खुर्चीत बसून पाच मिनिटं डोळे मिटायचे. वाळूजच्या कंपनीत पहिली पाळी करून हर्सूल गाठायचं आणि वर आम्हाला जर्मन शिकवायचं, माणूस थकणारच. "आलो बरं का, अजून जिता हाये," असं पुटपुटत ते उठायचे. कंपनीतल्या जर्मन मशिनींची माहितीपुस्तकं वाचता वाचता ते ही भाषा शिकले होते. आम्ही नर्स मुली मात्र कधी एकदा परीक्षा देऊन जर्मनीत नोकरीला जातो, या घाईत.

सरांना घाई नसायची. नमस्कार-चमत्काराआधी ते फळ्यावर एकच शब्द लिहायचे: त्साउन, म्हणजे कुंपण. "आता ह्याची भावंडं बघा. हॉलंडात हाच शब्द बाग झाला. इंग्रजीत टाउन, शहर. आइसलँडात घराजवळचं गवताचं शेत. मूळ एकच, वेढून घेतलेली जागा." हे परीक्षेत येत नाही, असं मी एकदा ठणकावलं. "मग परीक्षा झाल्यावर इसरा," एवढंच म्हणाले. चिडण्याचेही त्यांना कष्ट व्हायचे.

सर मेंढपाळाच्या घरातले. थोरल्या भावाने, दादांनी, मेंढरं राखून त्यांना शिकवलं. हर्सूलच्या पुढे ज्या माळावर कळप चरायचा, त्याला एका वर्षी कुणीतरी तारेचं कुंपण घातलं. मग तिथे कुणाच्या फार्महाऊसची बाग झाली आणि आता कॉलनी उभी राहिली होती. दादा रस्त्याच्या कडेकडेने मेंढरं चारत कसेबसे तग धरून होते.

पास झाल्याचे पेढे घेऊन मी सरांच्या घरी गेले, तेव्हा दारात टेम्पो उभा होता. कळप विकला होता. शेवटची मेंढी चढवून दादा ओट्यावर टेकले. सरांनी तेव्हाही आपला तो कुंपणाचा शब्दच काढला. "दादा, तिकडंबी असंच झालं. आधी कुंपण, मग बाग, मग शहर." मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अन् बापू, त्यांची मेंढरं कुठं गेली?"

"ते शब्दात नाय ऱ्हायलं, दादा."

मला जर्मनीत येऊन वर्ष झालं. सरांची फार आठवण येते, म्हणून रविवारी फोन करते. दादा आता माळावरच्या त्याच कॉलनीच्या फाटकावर वॉचमन आहेत. पाळी संपल्यावर सरांचा घरी जायचा रस्ता तिथूनच जातो. मागच्या रविवारी मी विचारलं, रोज भेट होत असेल ना?

"नाय पोरी," सर म्हणाले, "मी लांबनं, वळसा घालून येतो."