दुपारी एकचा नमस्कार

आता काय सांगायचं, एकेकाळी मी स्वतःला लोकप्रिय समजत होतो! हसू नका. चहा घ्या आणि ऐका.

कोल्हापुरात एफएम नवं नवं आलं होतं, तेव्हाची गोष्ट. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो आणि डोक्यात एकच खूळ: रेडिओवर पुरोगामी गप्पांचा कार्यक्रम करायचा. मुलींना जमिनीत वाटणी, जातीबाहेरची लग्नं, अंगात येणारे बाबा! लोकांनी फोन करावेत, कडाकडा भांडावं! शेवटी एका स्टेशनचे मॅनेजर शिंदे यांनी दुपारी एकची वेळ दिली. का? तर त्या वेळेला त्यांना जाहिरातच मिळत नव्हती.

कार्यक्रमाचं नाव ठेवलं, 'बोला तर खरं!' मी घसा फोडून बोलायचो. कोणीही बोलायचं नाही. फोन बिघडला असेल म्हणून मी रिसीव्हर उचलून बघायचो. चांगला चालू!

शिंदे म्हणाले, "सर, महिनाअखेर बंद करूया. तुमचं ऐकतंय कोण?"

कार्यक्रम म्हणजे माझा जीव.

अशात बायकोचे पैंजण दुरुस्तीला घेऊन हुपरीला, चांदीच्या कारागिरांच्या गावाला निघालो. एसटीत सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी वाद घालतोय, तोच पुढच्या सीटवरच्या मावशी गर्रकन वळल्या.

"अवो, एक वाजता रेडिवर बोलणारं तुमीच न्हवं? आवाजावरनं वळाकलं!"

"हो, मीच!"

"अगं बया! तुमचा आवाज आला की आमच्या गल्लीत समदी हातातलं काम टाकत्यात बघा!"

मी एसटीत होतो की विमानात, मला आठवत नाही. चांदी घडवणारी अख्खी गल्ली काम टाकून माझे विचार ऐकते! मावशींचं नाव सुशीला, त्यांचा पैंजणांचा कारखाना घरातच. त्यांचा पत्ता घेतला, पैंजण तसेच परत आणले आणि शिंद्यांना म्हटलं, "चला हुपरीला! स्वतःच्या डोळ्यांनी बघा!"

बायको म्हणाली, "आधी एकटे जाऊन खात्री करून या." मी ऐकतोय होय?

त्या दिवशीचा भाग आधीच रेकॉर्ड करून ठेवला आणि एकच्या आत आम्ही मावशींच्या दारात हजर. घरोघरी ठोकठोक चाललेली, घरोघरी रेडिओ, गाणी जोरात. मी शर्टाची कॉलर नीट केली.

एक वाजला. "नमस्कार श्रोतेहो!" माझाच आवाज गल्लीभर घुमला.

खट्ट! मावशींनी रेडिओ बंद केला. शेजारी खट्ट. समोर खट्ट. सगळे कारागीर उठले आणि हात धुवायला गेले!

"मावशी, बंद का केला?"

"मग? एक वाजला न्हवं? तुमी नमस्कार केला की जेवायची सुट्टी. आमचं घड्याळ मागं-फुडं हुतंय, तुमी कवा हुईत न्हाईसा."

"पण मी पुढे काय बोलतो ते?"

"आता ते आमास्नी कसं कळणार, पावणं? जेवताना सेल कशाला जाळायचं?"

शिंदे भिंतीला टेकून हसत होते. मला रडू यायचं बाकी होतं. म्हटलं, "काळजी नको मावशी, महिनाअखेर बंदच होतोय कार्यक्रम."

"बंद?" मावशी कडाडल्या. "आन् आमी जेवायचं कवा?"

बघता बघता ओल्या हातांनी गल्ली जमली. शिंद्यांना घेराव! "बंद करायचं न्हाय म्हंजे न्हाय!" शिंद्यांनी सर्वांसमक्ष शब्द दिला, तेव्हा कुठे आमची सुटका झाली.

असा माझा पुरोगामी कार्यक्रम जनआंदोलनाने वाचला.

पुढे एकदा जाहिराती लांबल्या आणि माझा नमस्कार उशिरा झाला. नमस्कार संपतोय न संपतोय, तोच स्टुडिओतला फोन वाजला. पहिला फोन! झडप घालून उचलला. म्हटलं, "बोला, बोला! आजच्या विषयावर आपलं मत काय?"

पलीकडून मावशी ओरडल्या, "कसलं मत? वेळंवर नमस्कार करायला काय हुतंय? कालवण गार झालं की आमचं!"