सरकीसकट कापूस

१४ नोव्हेंबर २००६, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. उजवा हात, तुरीचे दाणे : शून्य. वहीत सलग एक्केचाळिसावे शून्य लिहून मी आईला महादेवाच्या देवळात घेऊन गेले. ती प्रार्थनेसाठी निघाली होती, मी भांडणासाठी.

दोन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूच्या झटक्याने आईचा उजवा हात गेला. पाय सावरला, अंगठा आणि तर्जनी मात्र जवळ येईनात. ताटलीतले तुरीचे दाणे चिमटीत उचलायचे, एवढाच व्यायाम डॉक्टरांनी दिला होता. चिमूट लवकर परतली नाही तर ती बहुधा परतणारच नाही, हेही त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते. दिग्रसजवळच्या आमच्या गावात देवळातल्या नंदादीपाच्या वाती वीस वर्षे आईच्या हातच्या असत. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली मी तिच्या स्नायूंबद्दल तासभर बोलू शकत होते. तिच्याकडून एक दाणा उचलवून घेऊ शकत नव्हते.

त्या पंधरवड्यात देवळात मुंबईच्या एका कलावंताचे मांडणशिल्प होते. सभामंडपाच्या छतापासून गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत त्याने शेकडो दोऱ्यांना कापूस टांगला होता, बोंडातून वेचला तसाच. फलकावर नाव होते, ‘शोक’. त्याखाली, ‘स्पर्श करू नये’. आग लागेल म्हणून नंदादीप बाहेर ओट्यावर काढला होता आणि वाऱ्याने तो दोनदा विझला होता. माझा संताप अनावर झाला. शेतकरी आत्महत्यांच्या त्या वर्षांत शहरातून जो कोणी आमच्या जिल्ह्यात येई, तो मरण मोजायला येई. जिवंत माणसे काय पेरतात, पहिल्या वेचणीला सीतादहीची पूजा करताना शेतात दहीभात का शिंपडतात, हे कोणी विचारत नसे. आता देवाच्या दारातही आमच्या कापसाचे कफन झाले होते, आणि त्यासाठी देवाचा दिवा हलवला होता. पिंडीसमोर मी हात जोडले नाहीत. मनात म्हणाले, हे तुला चालते? तिचा हात असा पडून राहिलेलाही चालतो? दोन महिन्यांत मी देवाशी प्रथमच बोलले, ते असे.

मागे वळले तर आई एका दोरीखाली उभी होती.

“सरकीसकट कापूस देवापुढं?” ती रागाने पुटपुटत होती. “याची वात तरी वळन काय?”

डाव्या हातात तिने कापसाचा पुंजका धरला होता आणि उजव्याने ती त्यातली सरकी ओढत होती. वातीसाठी कापूस हाती घेतला की आधी सरकी काढायची, हे आमच्याकडच्या बाईच्या बोटांना सांगावे लागत नाही. अंगठा थरथरत तर्जनीला टेकला. सरकी सुटली आणि फरशीवर पडली. आईला ते कळलेही नाही. ती दुसरी शोधत होती.

तेवढ्यात कलावंत धावत आला. मी तोंड उघडण्याआधीच आई त्याच्यावर उसळली.

“काहून रे बाबू, तुह्या मायनं तुले वात वळायले नाई शिकवलं वाट्टे?”

“नाही शिकवलं, काकू,” तो ओशाळून म्हणाला. त्याने तिच्या हाताकडे पाहिले, मग माझ्या चेहऱ्याकडे. मग त्याने त्या दोरीची गाठ सोडली आणि कापूस खाली, आईच्या मांडीपर्यंत उतरवला. “बसा. आता शिकवा.”

“शिकवतो नं. पन पयले तो दिवा आत आन.”

त्याने गाभाऱ्यापुढच्या साऱ्या दोऱ्या उतरवल्या. पुजाऱ्यांनी नंदादीप जागेवर आणून ठेवला.

त्या फलकावरचा माझा राग आजही ओसरलेला नाही. आमचा शोक आमच्या वतीने लिहायचा अधिकार त्याला कोणी दिला होता? पण मला असह्य झालेल्या त्याच कापसातून कृपा आली, हेही मला लिहिलेच पाहिजे. नसा आपोआपही सावरतात; एका रुग्णावरून कारण ठरवता येत नाही. ते ठरवण्याचा हट्ट मी सोडला आहे. ज्या हाताला मी एक्केचाळीस दिवस हुकूम देत होते, तो देवाच्या कामाला आपण होऊन निघाला. मी फक्त वाटेतून बाजूला व्हायचे होते. भांडायला आलेल्या लेकीचेही देवाने ऐकून घेतले. मी पिंडीसमोर हात जोडले, मग आईच्या पायाशी बसून फरशीवरच्या बिया वेचल्या आणि वही उघडली.

सकाळी आठ वाजून पाच मिनिटे. उजवा हात, सरकी : सात.