सिद्धोधनचा उजवा कान

ताडकळसच्या सिद्धोधननं नऊ वर्षं तोफखान्यात काढली. सरावात तोफ अगदी कानाशी उडाली आणि त्याचा उजवा कान कायमचा गेला. आता डावाही उतरत चालला होता. सेलूच्या जिनिंगवरची राखणदारी त्यापायीच सुटली, कारण मागून येणारा ट्रक त्याला ऐकूच आला नाही. उरलेला कान फौजी दवाखान्यात वाचावा, एवढ्यासाठी बायको सुलाबाई त्याला घेऊन परभणीच्या सैनिक कल्याण कचेरीत आली होती.

साहेबानं डिस्चार्ज बुक चाळलं. "हे माजी सैनिकात बसत नाहीत. पेन्शन बसायच्या आधीच स्वतःच्या विनंतीवरून घरी आलेत. कान गेला म्हणून मेडिकलवर आले असते तर पेन्शन, दवाखाना, सगळं मिळालं असतं."

"तोफ काय ह्यांच्या विनंतीवरून उडाली व्हती का?" सुलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कान तुमच्या कामात गेला, अन् तुमी सही कशावर हाय ते बघायलाव?"

"आवाज खाली, बाई. विनंती का केली, ते त्यांना विचारा."

विचारायची गरजच नव्हती. कान गेला त्या वर्षी सिद्धोधन सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्यासाठी पाहिलेल्या मुलीच्या बापानं त्याला बजावलं होतं, "मेडिकलवर घरी धाडलेल्या पोराला लोक खोट हाय म्हनतेत. तसं आलात तर पोरगी देणार न्हाई." पलटणीत मेडिकल बोर्ड बसायचा होता. पठ्ठ्यानं तो टाळला, घरचं कारण देऊन विनंतीअर्ज केला आणि धडधाकट म्हणून बोहल्यावर चढला. त्या सहीनं काय काय हातचं जाईल, हे पलटणीतल्या एकाही शहाण्यानं त्याला सांगितलं नाही. पोराचा कान घेतला, सही घेतली, आणि फौज हात झटकून मोकळी!

सुलाबाईनं ते सारं साहेबाला सांगितलं. "साहेब, ती पोरगी मीच," ती म्हणाली. "अट माझ्या बापाची व्हती. त्येची शिक्षा ह्यांच्या कानाला कामून?"

"नियमात ते कुठं बसवायचं?" साहेबानं बुक परत सरकवलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

"काय म्हनले साहेब?" सिद्धोधननं विचारलं.

सुलाबाईनं त्याच्या डाव्या कानाला तोंड लावलं. पहिल्यांदा त्याला ऐकू गेलं नाही. मग साऱ्या रांगेदेखत तिला ओरडून सांगावं लागलं, "तुमी फौजी न्हाईत म्हनायलेत!"