इंग्रजीचा हप्ता

इंग्रजी साहित्यात एम.ए. करण्यासाठी मी शैक्षणिक कर्ज मागायला गेले, तेव्हा आमच्या घोटावडे गावातल्या जागेत खोल्या बांधायला माझा चुलतभाऊही त्याच बँकेत कर्ज मागत होता. साहेबांनी त्याला विचारलं, भाडेकरू कुठून येणार? तो म्हणाला, कारखान्यांतून आणि हिंजवडीतून. साहेबांनी मान डोलावली. मला विचारलं, पुढे काय? मी म्हणाले, साहित्य माणसाची दृष्टी विशाल करतं. साहेबांनी वडिलांना जामीनदाराची सही कुठे करायची ते दाखवलं.

वडिलांना मात्र काहीच शंका नव्हती. नुसतं इंग्रजी बोलणाऱ्या पोरांना एवढा पगार मिळतो, तर त्यातच एम.ए. झालेल्या पोरीला किती मिळेल, असं ते डेअरीवर दूध घालताना लोकांना विचारत. आकडा कुणालाच सांगता येईना. त्यावरून तो फारच मोठा असणार, अशी त्यांची खात्री पटली.

पुण्यात जाऊन मी शोकांतिकेची लक्षणं शिकले. थोरामोठ्यांचा नाश त्यांच्याच एखाद्या चुकीतून होतो, हे मी परीक्षेत फार छान लिहिलं. स्वतःचं उदाहरण द्या, असं पेपरात म्हटलेलं नव्हतं.

हिंजवडीत नोकरीही लागली. पाण्याच्या टाक्या आणि गाद्या विकणाऱ्या कंपन्यांसाठी त्या मालाचं वर्णन लिहायचं. हप्ता, बस आणि जेवण भागून उरलेल्या पगारात दृष्टी विशाल ठेवावी लागे. मग कंपनीनं लिहिणारं यंत्र आणलं आणि मला त्याच्या चुका काढायला बसवलं. काही महिन्यांत चुका संपल्या, किंवा साहेब लोकांना दिसेनाशा झाल्या. मला निरोपाचं पत्र मिळालं. त्यात स्वल्पविराम अगदी जागच्या जागी होते.

तोवर भावाचं कर्ज फिटलं होतं. माझं अजून फिटतंय. त्याच्या एका रिकाम्या खोलीत मी इंग्रजी बोलण्याचा क्लास काढला. घरचीच म्हणून त्यानं भाड्यात सूट दिली, पण भाडं घेतलं.

पहिली विद्यार्थिनी त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी. खोल्यांचं भाडं तीच गोळा करायची आणि वरच्या मजल्यावरचा परप्रांतीय इंजिनिअर ते थकवत होता. मी तिला एक सभ्य, लांबलचक वाक्य पाठ करून दिलं. तिनं ते त्याच्या दारात न अडखळता म्हटलं. त्यानं तिच्या इंग्रजीचं तोंड भरून कौतुक केलं आणि दार लावून घेतलं. पुढच्या महिन्यातही नुसतं कौतुकच आलं. शेवटी ती वर गेली आणि म्हणाली, “पैसं टाका न्हाईतर खोली सोडा.” त्याला मराठी येत नव्हतं, तरी पैसे लगेच आले.

आता ती क्लास सोडणार, असं मी धरून चालले होते. पण एका दुपारी बाकीच्या बायका गेल्यावर ती बसून राहिली. कॉलेजात तुम्हाला भाडं मागायला तर शिकवलं नसेल, मग एवढा काळ शिकवलं काय, असं तिनं विचारलं. मी तिला एका कादंबरीतल्या बाईची गोष्ट सांगायला लागले. त्या बाईच्या हुशारीचं तिच्या घरात कुणालाच काही पडलेलं नव्हतं. नंतर रोज क्लास सुटला की ती पुढचं विचारी. फी घेऊन शिकवताना कोणी माझं इतकं मन लावून ऐकलं नव्हतं.

गोष्ट संपली त्या दिवशी तिनं सांगितलं की लग्नाआधी ती बारावी पास झाली होती. आता बाहेरून बी.ए. करायचं होतं, इंग्रजी घेऊन.

“ताई, खरं सांगा. ह्यात घातलेला पैसा निघतो का?”

“नाही निघत, वहिनी.”

“मग तुमाला पुन्यांदा करायची येळ आली तर?”

याचं उत्तर मी वडिलांनाही कधी दिलं नव्हतं. म्हणाले, “इंग्रजीच केलं असतं. कर्ज काढलं नसतं.”

“मग झालं तर. मी भाड्यातनं भरीन.”

भावानं याचा उपयोग काय, असं विचारून पाहिलं. तिनं त्याला, तुमी क्रिकेट बघता त्याचा काय हाय, असं विचारलं. विषय तिथेच मिटला. मला मात्र त्या दिवशी तिचा हेवा वाटला.

पहिल्या वर्षाच्या परीक्षेला मीच तिला स्कूटरवरून घेऊन गेले. बाहेर आली ती खुशीत. एका कथेतल्या बाईनं घर सोडलं ते बरोबर की चूक, असा प्रश्न आला होता.

“चूक, म्हनून लिवलं मी,” ती मागे बसत म्हणाली. “घर सोडायचं कशाला? निम्मं भाड्यानं द्यायचं.”

या मुद्द्यावर समीक्षकांनी काय म्हटलंय ते मला ठाऊक होतं, पण मी सांगितलं नाही. ती पास झाली.